सिक्युरिटी गार्डची ड्युटी किती तासांची? गेटवरच्या बारा तासांचा कायदेशीर हिशोब

सकाळचे सात वाजून दहा मिनिटं झालीत. रात्रपाळीचे कामगार बसमध्ये बसून निघून गेले, पहिली पाळी पंच करून आत गेली. गेटच्या केबिनमध्ये रात्रीचा गार्ड मात्र अजून उभाच आहे. टोपी हातात, सॅक खांद्याला, नजर रस्त्याकडे. त्याचा रिलीव्हर आलेला नाही. साडेसातला एजन्सीच्या फील्ड ऑफिसरचा फोन येतो, "आजच्या दिवस डबल मार रे, संध्याकाळी बघतो कुणीतरी." गार्ड सॅक उतरवून खुंटीला लावतो. काल संध्याकाळी सातला तो ड्युटीवर आला होता. आज संध्याकाळी सातला त्याचे चोवीस तास भरतील, आणि सातलाच त्याची पुढची रात्र सुरू होईल.

मी बरीच वर्षं कारखान्याच्या टाइम ऑफिसात हजेरी आणि ओव्हरटाइमचं काम केलं. मशीनवरच्या कामगाराचा अर्धा तास ओव्हरटाइम लावायचा राहिला, तर दुपारच्या आत युनियनचा माणूस खिडकीशी यायचा. गेटवरच्या माणसाचे महिन्याला शंभरावर तास जादा भरायचे आणि त्याबद्दल विचारायला कुणीही यायचं नाही. तो स्वतःही नाही. त्याला वाटायचं की सिक्युरिटीत बाराच तास असतात. एजन्सीवाला हेच सांगतो, कारखान्याचा मॅनेजर हेच धरून चालतो, आणि घरचेही तेच मानतात. कायद्यात असं कुठेही लिहिलेलं नाही.

आधी साधं उत्तर देतो. गार्डसाठी कायद्याने बारा तासांची वेगळी पाळी ठरवून दिलेली नाही. आठवड्याचे ४८ तास ही चौकट त्यालाही लागू आहे. त्यापुढचा प्रत्येक तास हा ओव्हरटाइम, त्याचा दर दुप्पट, आणि त्या ओव्हरटाइमलाही वरून झाकण आहे. बाकीचा लेख या तीन गोष्टींचा अर्थ आणि त्यांतून काढल्या जाणाऱ्या पळवाटा यांबद्दल आहे.

गार्ड हा 'कामगार' आहे का?

सगळ्या वादाचं मूळ इथे आहे. कारखाने अधिनियम, १९४८ मध्ये कामगाराची व्याख्या उत्पादन प्रक्रियेभोवती विणलेली होती. प्रत्यक्ष उत्पादनात असलेला, यंत्रांची किंवा उत्पादनाच्या जागेची साफसफाई करणारा, किंवा उत्पादनाशी निगडित नाहीतर त्याला पूरक असं कुठलंही काम करणारा माणूस म्हणजे कामगार. मग तो थेट नेमलेला असो की ठेकेदारामार्फत आलेला, मुख्य मालकाला, म्हणजे कारखान्याला, त्याची माहिती असो वा नसो. व्याख्या चांगली रुंद होती. तरी मालकमंडळी मांडत आली की गार्ड उत्पादनात नाही, तो फक्त राखण करतो, म्हणून कारखान्याचे तास त्याला लागू नाहीत.

मला हा युक्तिवाद कधीच पटला नाही. कच्च्या मालाचा ट्रक आत घेणं, वजनाची पावती तपासणं, तयार माल चलनाबरहुकूम, म्हणजे मालासोबतच्या कागदाप्रमाणे, बाहेर सोडणं, ज्वलनशील मालाच्या गोदामाकडे कुणी विडी-काडी घेऊन जात नाही ना हे पाहणं, हे सगळं गेटवरचा माणूस करतो. तो दोन तास जागेवर नसला तर डिस्पॅच थांबतो. उत्पादनाशी निगडित काम याहून वेगळं काय असतं?

आता हा वाद बराचसा निकालात निघाला आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि कारखाने अधिनियमाची जागा 'व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२०' या लांबलचक नावाच्या कायद्याने घेतली. तिच्यात कामगाराची व्याख्या उत्पादनाला बांधलेली नाही. आस्थापनेत मोबदल्यासाठी अंगमेहनतीचं, अकुशल, कुशल, तांत्रिक, कारकुनी किंवा देखरेखीचं काम करणारा तो कामगार. व्यवस्थापनातले लोक आणि महिना १८,००० रुपयांच्या वर पगार असलेले देखरेख करणारे तेवढे बाहेर. एजन्सीचा सिक्युरिटी सुपरवायझर या शेवटच्या कलमात अडकू शकतो. मात्र त्याच्या नेमणुकीच्या कागदावरचा हुद्दा पाहून भागत नाही, तो दिवसभर प्रत्यक्षात काय करतो हे पाहावं लागतं. स्वतःच गेट सांभाळणारा 'सुपरवायझर' पुष्कळ ठिकाणी भेटतो.

याच संहितेत ठेकेदारीच्या भागात राखण आणि सुरक्षा सेवा ही कारखान्याच्या मुख्य कामाबाहेरची म्हणून नावानिशी लिहिली आहे. म्हणजे गार्ड ठेकेदाराकडून घ्यायला कायद्याची मोकळीक आहे, आणि म्हणूनच गेटवर बहुधा एजन्सीचीच माणसं दिसतात. पण माणूस ठेक्यावर घेतला म्हणून तासांची मर्यादा सुटत नाही. ठेकेदाराने मजुरी थकवली तर ती चुकती करण्याची जबाबदारी मुख्य मालकावर येते. "तो आमचा माणूस नाही, एजन्सीचा आहे" हे वाक्य कारखान्याच्या ऑफिसात रोज ऐकू येतं. मजुरीच्या बाबतीत ते कायद्यापुढे टिकत नाही.

४८ कुठून आले

१८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. त्याआधी आठवड्याची ठरलेली सुट्टी नव्हती. १९२२ च्या कायद्याने दिवसाला ११ आणि आठवड्याला ६० तासांची हद्द घातली. १९३४ मध्ये ती दिवसाला १० आणि आठवड्याला ५४ वर आली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं सांभाळत होते, त्या काळात म्हणजे १९४६ मध्ये, आठवड्याची हद्द ४८ वर उतरली. १९४८ च्या अधिनियमाने तीच कायम केली आणि आजही तोच आकडा पायाशी आहे.

या आकडेवारीकडे पाहिलं की एक गोष्ट खटकते. आजचा बारा तासांचा गार्ड आठवड्याचे सहा दिवस आला तर ७२ तास भरतो. सातही दिवस आला तर ८४. म्हणजे तो १९२२ च्या कायद्याच्याही मागे उभा आहे.

१९४८ च्या अधिनियमात दिवसाची हद्द ९ तास होती. सलग ५ तासांपेक्षा जास्त काम नाही, मध्ये किमान अर्ध्या तासाची विश्रांती. आल्यापासून जाईपर्यंतचा एकूण वेळ, विश्रांती धरून, साडेदहा तास. सुट्टीशिवाय सलग दहा दिवसांहून जास्त काम नाही. खास कारणासाठी सूट दिली, तरी ओव्हरटाइमसकट आठवड्याला ६० तासांच्या वर जाता येत नसे. नव्या संहितेने दिवसाचं काम ८ तासांवर आणलं, आठवड्याला सहाच दिवस ठेवले, आणि एक मोलाची भर घातली: ओव्हरटाइम करायला लावण्याआधी कामगाराची संमती हवी. ओव्हरटाइम दिवसाच्या हिशोबाने मोजायचा की आठवड्याच्या, तर कामगाराच्या जास्त फायद्याचा असेल त्या हिशोबाने.

जुन्या कायद्याचे आकडे मुद्दाम सांगितले. थकलेला ओव्हरटाइम मागताना ज्या काळातलं काम, त्या काळातला कायदा पाहावा लागतो.

"पण आता सरकारनेच बारा तास केले ना?"

हा प्रश्न हल्ली फार कानावर येतो. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांसाठी दिवसाची मर्यादा ९ वरून १२ तासांपर्यंत नेण्याला आणि तीन महिन्यांतल्या ओव्हरटाइमची मर्यादा ११५ वरून १४४ तासांवर नेण्याला मंजुरी दिली. बातम्यांचे मथळे वाचून बऱ्याच जणांनी समज करून घेतला की बारा तास आता नेहमीची ड्युटी झाली.

तसं नाही. एखाद्या दिवशी किती तास घेता येतील याची वरची हद्द सैल झाली, आठवड्याचे नेहमीचे तास वाढले नाहीत. बारा तासांच्या चार पाळ्या झाल्या की ४८ भरले. पाचव्या दिवसाचा पहिला तास दुप्पट दराचा. आणि ओव्हरटाइमसाठी कामगाराची लेखी संमती.

आता हा सगळ्यात सैल आकडा, म्हणजे तीन महिन्यांत १४४ तास, गार्डच्या ड्युटीला लावून पाहू. रोज बारा तास, आठवड्याला सहा दिवस: ७२ तास. त्यातले ४८ वजा केले, राहिले २४. तीन महिन्यांत तेरा आठवडे, म्हणून २४ गुणिले १३, म्हणजे ३१२ तास. मर्यादेच्या दुपटीहून जास्त. कुणी म्हणेल, रोजचा एक तास जेवणा-विश्रांतीचा वजा करा. केला. मग आठवड्याला ६६ तास झाले, जादाचे १८, तीन महिन्यांत २३४. तरीही बाहेरच. साप्ताहिक सुट्टी न घेणाऱ्याचा हिशोब तर ४६८ तासांवर जातो. कायद्याचा कुठलाही आकडा घ्या, जुना घ्या की नवा, कायमची बारा तासांची ड्युटी त्यात बसत नाही. दुप्पट पैसे मोजूनसुद्धा बसत नाही, कारण तासांचं झाकण पैशांपेक्षा वेगळं आहे.

कोविडच्या वेळी गुजरात सरकारने एप्रिल २०२० मध्ये अधिसूचना काढून कारखान्यांना बारा तासांच्या पाळ्या चालवायची मुभा दिली होती, तीही दुप्पट दर न देता. सर्वोच्च न्यायालयाने १ ऑक्टोबर २०२० रोजी ती रद्द केली आणि त्या काळातल्या ओव्हरटाइमचे पैसे कामगारांना द्यायला सांगितलं. महामारीसारख्या संकटात जे चाललं नाही, ते 'रिलीव्हर आला नाही' या कारणावर कसं चालावं?

बारा तास स्वस्त का वाटतात

गेटवरची एक पोस्ट दिवसरात्र चालू ठेवायची तर आठवड्याचे १६८ तास भरायला लागतात. १६८ ला ४८ ने भागा, साडेतीन येतात. म्हणजे एका पोस्टला साडेतीन माणसं, वर रजा-आजारपणासाठी थोडी शिल्लक. ठेका देताना मात्र कोटेशनमध्ये लिहिलेलं असतं: एक पोस्ट, दोन गार्ड, बारा तास ड्युटी. कारखान्याचा खरेदी विभाग त्यातला सगळ्यात कमी दर उचलतो. कायदा त्याच क्षणी, त्या टेबलावरच मोडलेला असतो. गेटवरचा माणूस अजून नेमलेलाही नसतो.

आणि आता खरा हिशोब बघा. समजा एका तासाची मजुरी १०० रुपये आहे. तीन गार्ड, प्रत्येकी आठ तास: दिवसाचे २४ तास, २,४०० रुपये. दोन गार्ड, प्रत्येकी बारा तास, कायद्याप्रमाणे: पहिल्या आठ तासांचे ८०० आणि पुढच्या चार तासांचे दुप्पट दराने ८००, एकाचे १,६००, दोघांचे ३,२००. म्हणजे कायदा पाळला तर बारा तासांची पाळी तीन पाळ्यांपेक्षा दिवसाला ८०० रुपयांनी महाग पडते.

मग ती सगळीकडे का चालते? कारण दुप्पट दर दिलाच जात नाही. जादा चार तास साध्या दराने दिले तर दोघांचे मिळून २,४०० होतात, तीन माणसांइतकेच. पण एक माणूस वाचतो, त्याचा गणवेश वाचतो, त्याचं प्रशिक्षण वाचतं, आणि ओव्हरटाइमच्या रकमेवर भविष्य निर्वाह निधीची वर्गणी बसत नाही, तीही वाचते. आणि जिथे आठ तासांच्या मजुरीतच बारा तास काढून घेतले जातात, तिथे दोघांचे मिळून १,६०० च जातात. बारा तासांच्या पाळीतली सगळी बचत गार्डच्या खिशातून निघते. तिची दुसरी कुठलीही जागा नाही.

यातून गार्डला एक सोपी ताळ्याची खूण मिळते. महिनाभर रोज आठाऐवजी बारा तास केले, तर कायद्याने हातात येणारी मजुरी आठ तासांच्या मजुरीच्या बरोबर दुप्पट असायला हवी. आठ तासांचे महिन्याला १५,६०० ठरले असतील, तर बारा तासांचे ३१,२००. आपली पगारपावती घ्यावी आणि हा आकडा जुळतो का पाहावं.

एक बारीक गोष्ट. दुप्पट करायचं ते कशाचं? बऱ्याच एजन्सी नुसत्या मूळ पगाराचं दुप्पट करतात. जुन्या अधिनियमात बोनस आणि ओव्हरटाइम सोडून मूळ पगार अधिक भत्ते धरायचे. नव्या व्याख्येत मूळ पगार, महागाई भत्ता आणि प्रतिधारण भत्ता (काम नसलेल्या काळात माणूस राखून ठेवण्यासाठी देतात तो) धरतात, आणि बाकीचे भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त फुगवले असतील तर जास्तीचा भाग वेतनातच मिळवावा लागतो. 'वॉशिंग', 'कन्व्हेयन्स', 'इतर' अशा रकान्यांत पगार वाटून ठेवण्याची युक्ती त्यामुळे पूर्वीइतकी उपयोगी पडत नाही.

"बसूनच तर असतो"

गार्डबद्दलचं हे वाक्य मला फार लागतं, कारण त्याला कायद्यातली एक फट चिकटलेली आहे. किमान वेतन अधिनियम, १९४८ मध्ये आणि आताच्या वेतन संहिता, २०१९ मध्ये 'मुळातच खंडित' स्वरूपाच्या कामासाठी तासांच्या नियमांत सवलत ठेवता येते. कारखाने अधिनियमातही थांबत-थांबत चालणाऱ्या कामासाठी सूट देण्याची सोय होती. मालकांचा रोख असा की गार्ड रात्रभर खुर्चीत असतो, हे काम खंडितच.

पण वेतनाच्या कायद्याने खंडित काम म्हणजे काय ते सांगून ठेवलं आहे. एक तर ते सरकारने तसं जाहीर करावं लागतं, मालकाने किंवा एजन्सीने मनाशी ठरवून चालत नाही. दुसरं, ड्युटीच्या वेळेत असे काळ यायला हवेत की ज्यांत माणसाला शारीरिक हालचालही करावी लागत नाही आणि सतत लक्षही द्यावं लागत नाही. सतत लक्ष देणं हेच तर गार्डचं काम! त्याला डोळा लागला तर नोटीस मिळते, फोटो काढून ग्रुपवर टाकला जातो, दिवसाचा पगार कापला जातो. झोपला म्हणून दंड करायचा आणि तास मोजताना 'काय, बसूनच तर असतो' म्हणायचं, या दोन गोष्टी एका तोंडाने बोलता येत नाहीत.

विश्रांतीचंही असंच. अर्ध्या तासाची विश्रांती कामाच्या तासांतून वजा होते, हे बरोबर. पण एकट्या माणसाच्या पोस्टवर ती मिळते कुठे? डबा उघडलेला असतो, दोन घास होतात, बाहेर ट्रकचा हॉर्न वाजतो. हात धुऊन उठायचं, चलन बघायचं, गाडीचा नंबर लिहायचा, बॅरिअर वर करायचा. परत येऊन तिसरा घास. माझ्या मते ज्या विश्रांतीत पोस्ट सोडता येत नाही ती विश्रांती नाही, तो कामाचा वेळ आहे. एकट्याच्या पोस्टवर हजेरीतून रोज अर्धा तास वजा होत असेल, तर त्या अर्ध्या तासात गेट कोणी सांभाळलं हे विचारायला हवं.

रात्रपाळी आणि हरवलेली सुट्टी

रात्रपाळी मध्यरात्र ओलांडते, म्हणून तिच्या सुट्टीचा वेगळा नियम आहे. तो गार्डला क्वचितच सांगितला जातो. पाळी संपल्यापासून पुढचे सलग २४ तास म्हणजे एक सुट्टी. मध्यरात्रीनंतर केलेले तास आदल्या दिवसाच्या खात्यात जातात.

उदाहरण घेऊ. शनिवारी रात्री अकराला आलेला गार्ड रविवारी सकाळी सातला सुटला. त्याची सुट्टी रविवारी सकाळी सातला सुरू झाली आणि ती सोमवारी सकाळी सातपर्यंत आहे. रविवारी रात्री अकराला त्याला परत बोलावलं, तर त्याला सुट्टी मिळालीच नाही. रोज सकाळी मिळतात तेच सोळा तास मिळाले. हजेरीच्या मस्टरवर मात्र रविवारपुढे लाल शाईत 'सा. सु.', म्हणजे साप्ताहिक सुट्टी, लिहिलेलं असतं. सुट्टीच्या दिवशी काम घ्यावंच लागलं, तर त्याबदली भरपाई सुट्टी त्याच महिन्यात किंवा त्यापुढच्या दोन महिन्यांत द्यायची आहे. महिला गार्डला संध्याकाळी सातनंतर आणि सकाळी सहाच्या आधी कामावर ठेवायचं, तर तिची संमती आणि सुरक्षिततेची व्यवस्था, दोन्ही लागतं.

हे नियम कागदी काटेकोरपणा नाहीत. सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाची प्रतिक्रिया देण्याची क्षमता रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी उतरते, असं १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दिसलं. आपल्याकडे गाडी चालवताना ०.०३ टक्क्यांच्या पुढे गुन्हा आहे. डबल ड्युटी करून सकाळी मोटारसायकलला किक मारणारा गार्ड कायद्याच्या भाषेत शुद्धीत असतो, शरीराच्या भाषेत नसतो. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये मिळून काढलेला निष्कर्षही गंभीर आहे: आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्के जास्त, आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका सुमारे १७ टक्के जास्त. गार्डचा आठवडा ७२ चा.

महाराष्ट्रातले दोन जास्तीचे कायदे

महाराष्ट्र खासगी सुरक्षा रक्षक (नोकरीचे नियमन व कल्याण) अधिनियम, १९८१ खाली सुरक्षा रक्षक मंडळं चालतात. कारखाना मंडळाकडे नोंदतो, मंडळ गार्ड पाठवतं, मजुरी आणि लेव्ही, म्हणजे मजुरीवरची जादा आकारणी, मंडळाकडे भरली जाते, आणि गार्डला पगार मंडळाकडून मिळतो. मध्ये एजन्सी नसते. कारखान्याचे स्वतःचे कायम नोकर असलेले गार्ड या कायद्यात येत नाहीत. काही एजन्सींच्या गार्डना सूट मिळते, पण अट अशी की त्यांना मिळणारे फायदे मंडळाच्या गार्डपेक्षा कमी नसावेत. सूट दिलेल्या एजन्सीच्या गार्डने ही अट लक्षात ठेवावी, ती त्याच्या हातातलं हत्यार आहे.

दुसरा २००५ चा केंद्रीय कायदा, खासगी सुरक्षा एजन्सींच्या परवान्याचा. त्याला कामगार कायद्यांची एक यादी जोडलेली आहे: किमान वेतन, भविष्य निर्वाह निधी, कंत्राटी कामगार वगैरे. त्यांचा भंग हे परवाना रद्द करण्याचं कारण होऊ शकतं. एजन्सीला दंडापेक्षा परवान्याची भीती जास्त असते, म्हणून तक्रारीत या कायद्याचा उल्लेख जरूर करावा.

तास सिद्ध कसे करायचे

मस्टरवर आठच तास दिसतात. जादा पाळी एक तर लिहिली जात नाही, नाहीतर दुसऱ्याच्या नावावर लिहिली जाते. एकाच एजन्सीत सकाळी स्वतःच्या आणि रात्री गावी गेलेल्या सहकाऱ्याच्या नावाने सही करणारी माणसं मी पाहिली आहेत. अशी सही करू नये. त्या कागदावर प्रत्यक्ष ड्युटी केलेला माणूस त्या रात्री तिथे नव्हताच, आणि अपघात झाला तर भरपाई मागायलाही तो तिथे नसतो.

पण गेटवर एक असा कागद असतो, जो मस्टरसारखा नंतर बसून लिहिता येत नाही. आवक-जावक रजिस्टर. प्रत्येक गाडीचा नंबर, वेळ, चलन क्रमांक, गार्डची सही. चाव्यांचं रजिस्टर आणि चार्ज दिल्या-घेतल्याची वहीसुद्धा तशीच. ती नोंद कारखान्याच्या स्वतःच्या हिशोबाला लागते, म्हणून ती फाडून टाकणं अवघड असतं. फील्ड ऑफिसरचे 'आज डबल कर' असे मेसेज पुसू नयेत. आणि स्वतःची एक खिशातली वही ठेवावी: तारीख, आल्याची वेळ, गेल्याची वेळ, रिलीव्हर कोण होता.

मजुरीचा दावा वेतन संहितेखालच्या प्राधिकाऱ्याकडे तीन वर्षांच्या आत करता येतो. थकलेल्या रकमेशिवाय तिच्या दहा पटींपर्यंत भरपाईचा आदेश होऊ शकतो. आणि पैसे दिले आहेत हे सिद्ध करण्याचं ओझं मालकावर आहे, गार्डवर नाही. दावा स्वतः, युनियनमार्फत किंवा निरीक्षकामार्फत करता येतो. सुरुवात कामगार आयुक्तांच्या कार्यालयातून करावी. कारखान्यातल्या कामाच्या तासांबद्दल औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडेही जाता येतं. अर्जात एजन्सीचं आणि कारखान्याचं, दोघांचंही नाव घालावं.

टाइम ऑफिसातल्या माझ्या शेवटच्या वर्षी एक गार्ड अशी वही घेऊन खिडकीशी आला होता. शाळेची चौकटीची वही, चौदा महिन्यांची, एकही दिवस न गाळलेली. एजन्सीचं मस्टर आठ तास दाखवत होतं. मी रेकॉर्ड रूममधून त्या महिन्यांची आवक-जावक रजिस्टरं काढली आणि आम्ही दोघं टेबलाशी बसलो. पहिलंच पान उघडलं. सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी दुधाची गाडी आत, त्याचं अक्षर. दुपारी सव्वाला स्क्रॅपचा टेम्पो बाहेर, त्याचं अक्षर. रात्री दोन चाळीसला कॉइलचा ट्रेलर आत, तेच अक्षर, फक्त ओळ सोडून खाली घसरलेलं. तो काही बोलला नाही. त्याने पेन्सिलीने वहीतल्या त्या तारखेपुढे बरोबरची खूण केली आणि पान उलटलं.